फोरम वाचून प्रॉडक्टची आयडिया काढायची : पार्श्वभूमी

नवीन ॲप किंवा छोटंमोठं प्रॉडक्ट काढायचंय म्हटलं की हल्ली पहिला सल्ला ठरलेला असतो, आधी रेडिटवर (विषयवार गप्पांच्या ग्रुपांची मोठी साइट) जा, लोक कशावर वैतागलेत ते बघ, "यासाठी काहीतरी असायला हवं होतं यार" असं कोण कोण म्हणतंय ते गोळा कर आणि तेच बनव. सल्ला चांगलाच आहे पण नवा अजिबात नाही, तीसेक वर्षं जुना आहे आणि त्यावरचं भांडणही तितकंच जुनं आहे. फोरमवर लोक कंपनीशी बोलत नसतात, आपापसात बोलत असतात, म्हणून ते बोलणं खरं असतं आणि कामाचं असतं. आता त्यांनी जे आपल्याला सांगितलंच नव्हतं ते आपण उचलायचं की नाही, यावर अजून एकमत नाही.

इंटरनेटच्या आधीचं थोडक्यात सांगतो. फोकस ग्रुप ही १९४० च्या दशकातली गोष्ट, रेडिओवरचे कार्यक्रम आणि युद्धकाळातला प्रचार ऐकून लोकांना काय वाटतं हे शोधताना त्याची पद्धत बसली. आठ-दहा माणसं, एक प्रश्न विचारणारा आणि पुढे पुढे तर काचेमागे बसून बघणारे क्लायंट. त्यातली अडचण सगळ्यांना माहीत होती, एक जण मोठ्याने बोलला की बाकीचे त्याची री ओढतात, आणि विचारल्यावर माणूस जे सांगतो ते तो घरी जाऊन करेलच असं नाही.

दुसरा धागा जास्त महत्त्वाचा आहे आणि मार्केटिंगवाले तो सोयीस्करपणे विसरतात. १९७६ मध्ये वैज्ञानिक उपकरणांवर एक अभ्यास आला, त्यात असं निघालं की ज्या सुधारणांनी खरोखर फरक पडला त्यातल्या साधारण ८० टक्के सुधारणा कंपन्यांच्या नव्हत्याच, वापरणाऱ्यांनी स्वतः डोकं लावून, स्वतः जोडाजोड करून, आधी आपल्याच कामात वापरून बघितलेल्या होत्या. त्याच संशोधकाने १९८६ ला 'लीड यूजर' हा शब्द चालवला, म्हणजे असा माणूस ज्याची गरज बाजारापेक्षा काही वर्षं पुढे असते आणि वाट न बघता तो स्वतःच काहीतरी जुगाड करतो. असा माणूस सापडवायचा कसा हा खरा त्रास होता, एकाला फोन करून दुसऱ्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्याकडून तिसऱ्याचं. फोरम आले आणि ही माणसं आपणहून एका जागी जमली.

यूजनेट, म्हणजे विषयवार ग्रुपांमध्ये (न्यूजग्रुपांमध्ये) मेसेज टाकून गप्पा मारायची जुनी सोय, १९८० ला सुरू झालं. १९८७ ला सगळ्या ग्रुपांची नावं बदलून विभाग पाडले, त्यात छंदांचा एक वेगळा विभाग झाला आणि गाड्या, ऑडिओ, कॅमेरे, स्वयंपाक असल्या विषयांवर तासनतास वाद घालणाऱ्यांना हक्काची जागा मिळाली. तिथे जाहिरात करणं म्हणजे पाप समजलं जायचं. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या कामाची जाहिरात हजारो ग्रुपांमध्ये एकदम टाकली तेव्हा लोकांनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. पण हे सगळं बोलण्यावरचं बंधन होतं, नुसतं वाचण्यावर कुणी नियम केलाच नाही, गरजच वाटली नाही. सर्व्हरवर मेसेज काही दिवस किंवा काही आठवडे राहायचे आणि मग उडून जायचे, बोललेलं विरून जातं असंच सगळे धरून चालले होते.

१९९५ ला ते मोडलं. डेजा न्यूज नावाच्या साइटने यूजनेटचे मेसेज साठवून ते शोधता येतील अशी सोय केली, आणि नुसतं विषयावरून नाही, लिहिणाऱ्याच्या नावावरूनही. म्हणजे एखाद्याने कॅमेऱ्यांच्या ग्रुपमध्ये काय लिहिलं आणि आजारपणाच्या ग्रुपमध्ये काय लिहिलं हे एका जागी दिसायला लागलं. ओरड झाली. त्यावर तोडगा काय निघाला तर ज्याला आपला मेसेज साठवलेला नको असेल त्याने मेसेजच्या वर 'एक्स-नो-आर्काइव्ह' अशी ओळ टाकायची. म्हणजे गप्प बसलात तर तुमचा होकार. माझ्या मते आजच्या सगळ्या घोळाचं मूळ या एका निर्णयात आहे, पण त्यावर तेव्हा जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही कारण सगळ्यांनाच शोधायची सोय आवडली होती. मलाही आवडली असती. १९९९ मध्ये हीच साइट प्रॉडक्टची रेटिंग आणि खरेदीच्या धंद्याकडे वळली, म्हणजे गप्पांच्या साठ्यात पैसा आहे हे तेव्हाच कुणाला तरी दिसलं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये सगळा साठा एका सर्च कंपनीकडे गेला.

आता या सगळ्यात गुंतागुंतीचा झालेला शब्द, 'सार्वजनिक'. नव्वदच्या दशकात एका मार्केटिंगच्या संशोधकाने 'नेटनोग्राफी' हा शब्द काढला, एखाद्या वस्तीत राहून तिथल्या माणसांचा अभ्यास करतात तसा फोरममध्ये राहून ग्राहकांचा अभ्यास करायचा. २००२ ला त्याने ही पद्धत सविस्तर मांडली, उदाहरण म्हणून कॉफीवेड्या लोकांचा एक न्यूजग्रुप घेतला. त्याची अट अशी होती की आपण कोण, कशासाठी आलोय हे सांगायचं, नावं गुप्त ठेवायची, आणि काढलेले निष्कर्ष त्याच लोकांना दाखवून त्यांचं म्हणणं घ्यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. ऐकायला छान आहे, पण धंद्यात किती जणांनी पाळलं असेल विचार करा.

२००५ मध्ये कॉस्मेटिक सर्जरीवरच्या एका फोरमचा अभ्यास करणाऱ्या दोघांनी याला उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं, फोरमवर लिहिलेलं हे पेपरातल्या वाचकांच्या पत्रांसारखं आहे, पत्र वाचायला परवानगी कोण मागतं? शिवाय नाजूक विषयावर "मी संशोधक, मी बघतोय" असं जाहीर केलं की लोक बोलायचेच थांबतात, मग अभ्यास कशाचा करणार. या दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. पत्राची उपमा मात्र मला पटत नाही, पेपरला पत्र पाठवणाऱ्याला माहीत असतं की हे छापलं जाणार, फोरमवर रात्री एक वाजता लिहिणारा माणूस त्या धाग्यातल्या दहा-बारा ओळखीच्या टोपणनावांशी बोलत असतो. दार उघडं असणं आणि आत या म्हणणं यात फरक आहेच ना. पण आपण कोण ते सांगा म्हणणाऱ्या पहिल्या बाजूचीही अडचण आहे, आठ वर्षांपूर्वीचा धागा, लिहिणारा कधीच सोडून गेलेला, त्याला जाऊन सांगायचं तरी कुठे?

२०१० मध्ये मग व्हायचं ते झालं. रुग्णांच्या एका साइटवर मूड आणि मानसिक आजारांबद्दल बोलायचा फोरम होता, सभासद झाल्याशिवाय आत जाता यायचं नाही. मे महिन्यात तिथे एक नवीन अकाउंट धडाधड सगळे मेसेज कॉपी करताना सापडलं, मागे निघाली एक बडी मार्केट रिसर्च कंपनी. तिने नंतर असं करणार नाही म्हणून सांगितलं. म्हणजे कुलूप लावलेलं खाजगी, बिनकुलपाचं सार्वजनिक, अशी वाटणी व्यवहारात होऊन बसली. २०११ ला रिसर्चवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सूचना काढल्या त्यातही हीच भिंतीची भाषा होती, आणि जोडीला 'मास्किंग', म्हणजे माणसाचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं नाही, थोडं बदलून द्यायचं, नाहीतर सर्चमध्ये टाकलं की लिहिणारा सापडतो. यात गंमत अशी की फोरममधून खरी मिळकत असते ती त्या शब्दांचीच. वैतागलेला माणूस त्या बटणाला काय म्हणतो, कुठल्या वस्तूऐवजी काय वापरून काम भागवतो, ते वाक्य गुळगुळीत केलं की उरतो तो फक्त "ग्राहकांना सुलभता हवी आहे" छापाचा रिपोर्ट.

याच काळात कंपन्यांनी दुसरा रस्ता धरला, फोरम आपलाच काढायचा. फेब्रुवारी २००७ मध्ये एका कॉम्प्युटर कंपनीने आयडिया मागवणारी साइट काढली, लोकांनी लगेच लिनक्स टाकलेले कॉम्प्युटर द्या म्हणून मतांचा पाऊस पाडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने ते खरंच विकायला काढले. २००८ ला एका कॉफीच्या साखळीने तसंच केलं, पाच वर्षांत दीड लाखावर आयडिया आल्या आणि प्रत्यक्षात आल्या २७७. आकडा वाचून हसू येतं खरं, पण २७७ म्हणजे अगदीच वाईट नाही. पहिल्या साइटवर पुढे झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्याची आयडिया एकदा निवडली जाते तो पुढच्या वेळी तसलीच आयडिया घेऊन येतो. आणि अशा ठिकाणी अटी सहसा अशा असायच्या की आयडिया दिली की ती कंपनीची, पैसे नाहीत. खेळण्यातल्या विटा बनवणाऱ्या कंपनीने तेवढा हिशोब बरा ठेवला, १०,००० मतं मिळवा, निवड झाली तर निव्वळ विक्रीचा एक टक्का. पण आपल्या फोरमवर लोक कंपनीकडे बघून बोलतात, म्हणजे फिरून फोकस ग्रुपच.

मग खोटे ग्राहक आले. २०१३ मध्ये तैवानमध्ये एका मोबाइल कंपनीला एक कोटी तैवानी डॉलर दंड झाला, कारण पैसे देऊन फोरमवर स्वतःची स्तुती आणि दुसऱ्या कंपनीची निंदा लिहून घेतली होती. तेव्हापासून फोरम वाचून निष्कर्ष काढणाऱ्याला आधी हे बघावं लागतं की बोलणारा खरा आहे का, आणि खरा असला तरी तिथे लिहिणारे मूठभरच असतात, बाकीचे नुसते वाचतात.

२०२३ मध्ये 'वाचण्याचा' प्रश्न एकदम पैशाचा झाला. रेडिटने १ जुलैपासून एपीआयचे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने साइटवरचा मजकूर मागवायच्या सोयीचे, पैसे लावले, १,००० वेळा मागवलं की २४ सेंट, त्याआधी जूनमध्ये हजारो सबरेडिट (रेडिटवरचे विषयवार ग्रुप) निषेध म्हणून बंद राहिले. संशोधक वर्षानुवर्षं जो फुकट साठा वापरत होते त्याची दारं लागली. आणि २०२४ च्या सुरुवातीला शेअर बाजारात उतरताना कंपनीने सांगितलं की डेटा लायसन्सचे एकूण २०.३ कोटी डॉलरचे करार झालेत. लिहिणाऱ्यांना त्यातलं काही नाही. जाहिरात टाकली म्हणून वकिलांच्या मागे लागलेले लोक तेव्हा निदान कुणावर चिडायचं हे तरी जाणून होते.

एप्रिल २०२५ मध्ये कळलं की एका युरोपियन विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिटवरच्या वादविवादाच्या ग्रुपमध्ये एआयकडून लिहून घेतलेल्या हजारावर कमेंट कित्येक महिने टाकल्या होत्या, खोट्या ओळखी घेऊन, लोकांचं मत बदलतं का बघायला. मार्केट रिसर्च नव्हता तो, पण पद्धत तीच. सभासद भडकले, संशोधकांनी निकाल छापणार नाही असं ठरवलं. कायदेशीर कारवाई करू म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं, तर त्याच सभासदांचं बोलणं वर्षभर आधीपासून करारावर विकत असलेली कंपनी.