‘विडंबन’ की ‘विटंबना’: आंतरजालावरील मराठी साहित्यचेष्टांची पार्श्वभूमी

मराठी वाचक आंतरजालावर पुस्तकांविषयी बोलू लागले, तेव्हा त्या बोलण्याला स्वतःची लिपी नव्हती. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संस्थळावर सुरुवातीला कवितांची चर्चासुद्धा रोमन अक्षरांत चालत असे, आणि ‘ळ’ व ‘ण’ दाखवण्यासाठी मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे वापरावी लागत. मतप्रदर्शनाचे एवढ्यावर भागत असे. विनोदाचे मात्र भागत नसे. विडंबन बहुधा एका अक्षराच्या फेरबदलावर उभे असते, आणि ते अक्षर डोळ्यांना चटकन दिसले नाही तर हसू यायचे राहून जाते. नंतरच्या काळात निरनिराळे टंक (फॉन्ट) आले, पण ज्याच्या संगणकावर तो टंक नाही त्याला सगळी कविता अगम्य चिन्हांची रांग दिसत असे. विंडोज २००० आणि त्यापाठोपाठच्या एक्सपीमुळे युनिकोड देवनागरी घरोघरच्या संगणकांवर आली, तेव्हा कुठे मराठीत थट्टा करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले. तरीही ‘साऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला अर्धा ‘र’ दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येत असल्यामुळे एकाने उद्धृत केलेली ओळ दुसऱ्याला शोधून सापडत नसे. हा त्रास आजही पुरता संपलेला नाही.

२००४ ते २०११ या वर्षांत एकामागून एक नवी संस्थळे निघाली, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हाच कालखंड महत्त्वाचा आहे. एका ठिकाणी शुद्धलेखन तपासण्याची सोय लेखनाच्या चौकटीतच दिलेली होती. दुसऱ्या ठिकाणी शुद्धलेखनाचा आग्रह धरणाराचीच खिल्ली उडवली जाई. ‘सध्या काय वाचत आहात’ अशा स्वरूपाचे धागे वर्षानुवर्षे चालत, आणि एका लोकप्रिय ललितलेखकाच्या आडनावाला ‘ईय’ हा प्रत्यय जोडून बनवलेले विशेषण अतिगोड लेखनासाठी इतके रूढ झाले की त्याचे मूळ ठाऊक नसलेले लोकही ते सहज वापरू लागले. कोणी हळवी कविता प्रसिद्ध करावी आणि थोड्याच वेळात तिच्याच वृत्तात, तिच्याच यमकांवर, पण भजी, बायको किंवा बॉस यांच्याविषयी दुसरी कविता अवतरावी, हे नित्याचे झाले. या दुसऱ्या कवितेच्या माथ्यावर ‘आमची प्रेरणा’ असे लिहून मूळ कवितेचा दुवा देण्याची आणि शेवटी ‘ह. घ्या.’, म्हणजे हलके घ्या, अशी विनंती जोडण्याची प्रथा पडली. कवितांच्या दालनात ‘विडंबन’ हा वेगळा प्रकार म्हणून नोंदला जाऊ लागला, आणि खरा वाद इथूनच सुरू झाला.

वाद वरकरणी वर्गवारीचा होता, पण त्याच्या मुळाशी शब्दाचा गुंता होता. संस्कृतात ‘विडंबन’ म्हणजे प्रथम अनुकरण. एखाद्यासारखे दिसणे किंवा एखाद्याची नक्कल करणे एवढाच अर्थ कवींच्या वापरात अनेकदा असतो. टवाळीचा आणि फजितीचा अर्थ त्याच्या शेजारीच वावरतो. सतराव्या शतकातील ‘कलिविडंबन’ हे संस्कृत लघुकाव्य घेतले, तर तिथे कोणत्याही कवितेची नक्कल नाही. वैद्य, ज्योतिषी, मांत्रिक अशा लोकांचा तो उपहास आहे. मराठीने या एका शब्दाचे दोन केले. ‘विटंबना’ हे रूप पुतळ्याच्या, प्रेताच्या किंवा देवळाच्या अप्रतिष्ठेसाठी राखले गेले, तर ‘विडंबन’ हे रूप साहित्यातील खेळकर नकलेला मिळाले. हा दुसरा अर्थ पक्का होण्यात १९२५ साली निघालेल्या प्र. के. अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहाचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्याची ओळख करून देण्याची येथे गरज नाही. मात्र फाळणी झाली तरी भाऊबंदकी उरतेच. ज्याच्या कवितेचे विडंबन होते त्याच्या कानाला तो शब्द विटंबनेच्याच जवळचा लागतो. आणि आपली कविता ‘विडंबन’ या दालनात दुव्यासह टांगलेली पाहून अनेक नवोदित कवींनी जी नाराजी व्यक्त केली, ती केवळ हळवेपणातून आलेली होती असे म्हणता येणार नाही.

येथे एक फरक लक्षात घ्यावा लागतो. ‘झेंडूची फुले’मध्ये केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ची थट्टा आहे, पण केशवसुत १९०५ सालीच वारले होते. त्यांच्याकडून उत्तर येण्याचा प्रश्न नव्हता. त्याच संग्रहात पुण्यात रविवारी चहाला जमणाऱ्या रविकिरण मंडळाच्या हयात कवींच्या लकबींवरही रोख आहे, पण ते कवी प्रसिद्ध होते, त्यांना स्वतःचे प्रकाशन आणि स्वतःचे चाहते होते. आंतरजालावर ज्याची थट्टा होई तो कवी अनेकदा आयुष्यातली तिसरी-चौथी कविता लिहीत असे, आणि थट्टा करणारा त्याच अंगणात, त्याच संध्याकाळी, अधिक कसलेल्या हाताने लिहीत असे. विडंबनाखाली मूळ कवितेपेक्षा जास्त प्रतिसाद पडत, ही खरी बोच होती. यावर संचालकांनी निरनिराळे उपाय योजले. त्यांतला मूळ कवीची पूर्वपरवानगी घेण्याचा आग्रह प्रस्तुत लेखकाला अनाठायी वाटतो, कारण परवानगी मागून केलेली नक्कल सत्काराच्या भाषणासारखी होते. दुवा देण्याची अट मात्र योग्य होती. तिच्यामुळे वाचक मूळ कवितेकडे जात असे, आणि कित्येकदा तिथेच थांबत असे.

गझलेने हा गुंता आणखी वाढवला. गझलेच्या परंपरेत दुसऱ्याची जमीन घेणे, म्हणजे तेच वृत्त, तोच काफिया (यमक) आणि तोच रदीफ (यमकानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द) घेऊन लिहिणे, हा थट्टेचा नव्हे तर आदराचा प्रकार आहे; तरही मुशायऱ्यात तर एकच ओळ सर्वांना दिली जाते. मराठीत गझल लिहिणारे आणि विडंबन लिहिणारे एकाच दालनात आल्यावर, मनापासून लिहिलेल्या तरही गझलेला ‘छान विडंबन’ असा प्रतिसाद मिळणे आणि उघड टवाळीच्या रचनेत कोणी अलामत, म्हणजे यमकाआधीचा ठरलेला स्वर, चुकल्याचे दाखवून देणे, असे दोन्ही प्रकार घडले. विडंबनकाराला वृत्त सांभाळावेच लागते, आणि मात्रा चुकल्या की मूळ कवीचे समर्थक ते प्रथम दाखवून देत. त्यामुळे या टवाळखोरीतून अनेकांची छंदशास्त्राची शिकवणी फुकटात झाली, हे मान्य करावे लागेल.

कायद्याचा दाखला देणारेही अधूनमधून येत. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी केलेल्या उचित वापराला मुभा आहे; विडंबनाचे नाव त्यात नाही. म्हणून विडंबन ही टीका आहे की स्वतंत्र करमणूक, असा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहतो. कलम ५७ त्याहून रंजक आहे, कारण लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा रीतीने त्याच्या कृतीची मोडतोड झाल्यास त्याला हरकत घेण्याचा हक्क ते देते. थोडक्यात, कायद्यालाही विडंबन आणि विटंबना यांच्यामधली रेघ ओढावी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार राहत असल्यामुळे केशवसुत केव्हाच मोकळे झाले आहेत, पण १९९९ साली निधन झालेल्या कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता २०५९ च्या अखेरीपर्यंत प्रताधिकारातच राहील.

आणि नेमकी ‘कणा’च पुढच्या काळात सर्वाधिक नकलांची धनी झाली. संस्थळांवरची गर्दी फेसबुककडे आणि तिथून व्हॉट्सॲपकडे सरकली, तेव्हा विडंबन टिकले, पण ‘आमची प्रेरणा’ची ओळ गळून पडली. दुव्याची जागा स्मरणाने घेतली, आणि सर्वांच्या स्मरणात असलेल्या कविता म्हणजे शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या कविता. म्हणून तेथील विडंबने मूठभर कवितांभोवतीच फिरताना दिसतात, तर इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुतण्यासाठी मूळ कविताही खाली चिकटवावी लागते. परीक्षेला, पगारवाढीला, टाळेबंदीला, निवडणुकीला ‘कणा’तल्या त्याच विद्यार्थ्याला त्याच सरांकडे पाठवले जाते.

नावांची उलटापालट हा याच काळाचा दुसरा विशेष आहे. पूर्वी विडंबनावर विडंबनकाराचे टोपणनाव असे आणि मूळ कवीचे नावही असे; आता दोन्ही नाहीशी होऊन तिसरेच नाव येते. २००० साली निधन पावलेल्या आपल्या सर्वांच्या लाडक्या विनोदी लेखकाच्या, पु. ल. देशपांडे यांच्या, नावावर स्मार्टफोन आणि सेल्फी यांच्यावरचे विनोद फिरतात, आणि ते खरे मानणारेही भेटतात. जुलै २०१८ पासून पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. संदेश दुसरीकडून आला आहे एवढे तिच्यावरून कळते. तो कोणाचा आहे हे कळत नाही.