अन्ननलिकेच्या कर्करोगातील केमोथेरपी : पार्श्वभूमी

सिस्प्लॅटिन आणि फ्लुओरोयुरॅसिल ही जोडी वापरात येईपर्यंत अन्ननलिकेच्या कर्करोगात केमोथेरपीला दुय्यम स्थान होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एका गटाला ६४ ग्रे (किरणमात्रेचे एकक) किरणोपचार, तर दुसऱ्याला ५० ग्रेसोबत ही औषधे देण्यात आली. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील कोणीही हयात नव्हते. दुसऱ्या गटातील २६ टक्के रुग्ण जिवंत होते.

शस्त्रक्रिया शक्य असलेल्या रुग्णांबाबत मात्र वाद पेटला. शस्त्रक्रियेआधी हीच औषधे देऊन काही लाभ होत नाही, असे १९९८ मध्ये अमेरिकी चाचणीने सांगितले. २००२ मध्ये ८०२ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीने नेमका उलट कौल दिला. त्यानंतर अमेरिकेचा कल शस्त्रक्रियेआधी किरणोपचारांची जोड देण्याकडे राहिला, तर ब्रिटनने केवळ औषधांवर भिस्त ठेवली.

२०१२ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत कार्बोप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल आणि ४१.४ ग्रे किरणोपचारांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांचा मध्यगा (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो) जगण्याचा काळ सुमारे ४९ महिने, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचा २४ महिने भरला. वाद मिटल्याचे मानण्याची घाई येथेच झाली, कारण तुलना केवळ शस्त्रक्रियेशी होती. औषधांच्या जोडीला किरणोपचार हवेतच का, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता. तो थेट विचारणाऱ्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर डोसेटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन आणि फ्लुओरोयुरॅसिल घेणाऱ्यांचा हा काळ ६६ महिने, तर नेदरलँड्सची पद्धत अनुसरलेल्यांचा ३७ महिने निघाला.

मात्र ती चाचणी फक्त ॲडिनोकार्सिनोमाच्या (ग्रंथिपेशींतून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या) रुग्णांवर झाली, आणि भारतात स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींतून उद्भवणाऱ्या) प्रकाराचे प्राबल्य आहे. हा प्रकार किरणोपचारांना अधिक दाद देतो : नेदरलँड्सच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या वेळी गाठ पूर्ण नाहीशी झालेले रुग्ण स्क्वॅमसमध्ये ४९ टक्के, तर ॲडिनोकार्सिनोमात २३ टक्के होते. त्यामुळे आपल्याकडे जर्मन आकड्यांपेक्षा स्क्वॅमसच्याच रुग्णांवरचे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले जपानी निष्कर्ष अधिक लागू पडतात. त्यांत सिस्प्लॅटिन-फ्लुओरोयुरॅसिल या जुन्या जोडीला डोसेटॅक्सेल जोडल्यावर तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ६२.६ वरून ७२.१ टक्क्यांवर गेले. त्याच जोडीला किरणोपचार जोडून आलेली ६८.३ टक्क्यांपर्यंतची वाढ सांख्यिकीय कसोटीवर टिकली नाही. पांढऱ्या पेशी घटून ताप येण्याचा धोका मात्र या तिहेरी औषधांत वाढतो, आणि घास गिळता न आल्याने वजन घटलेल्या रुग्णाला तो सोसेल का, हे औषधे ठरवण्याआधी पाहावे लागते.