म्युझियम ‘हात लावा’ कधीपासून म्हणायला लागलं?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन नाशिकहून मुंबईला गेलो होतो, तिथं एका म्युझियममध्ये अंधारी खोली होती, फरशीवर प्रकाशाची नदी, पाय टाकला की पाणी बाजूला सरकायचं. पोरगी दारातच थांबली आणि हळूच म्हणाली, “मामा, पाय टाकला तर चालतो का?” तिचंही बरोबरच आहे, शाळेच्या ट्रिपला आपण सगळे हाताची घडी घालून काचेच्या पेट्या बघतच मोठे झालो.

ही परवानगी कशी मिळाली त्याची गोष्ट बरीच जुनी आहे, आणि लोक समजतात तशी ती कॉम्प्युटरपासून सुरू होत नाही. 1955 ची गोष्ट घ्या. जपानमधल्या गुताई नावाच्या कलाकारांच्या ग्रुपचं टोकियोत प्रदर्शन होतं, त्यात अत्सुको तानाका या बाईंनी विजेच्या घंटा वायरने जोडून गॅलरीभर मांडल्या होत्या. बघायला तसं काहीच नाही, फक्त एक बटण. ते दाबलं की पहिली घंटा वाजायची, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आवाज चालत चालत लांब जायचा आणि परत यायचा. म्हणजे कोणीतरी बटण दाबेपर्यंत ती कलाकृती नव्हतीच, नुसती वायर होती! मला या सगळ्या इतिहासात ही घंटांची गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. पुढच्याच वर्षी त्याच ग्रुपच्या योशिहारांनी जपानमधल्याच आशिया नावाच्या गावातल्या बागेत मोठा बोर्ड उभा केला आणि लोकांना सांगितलं, काढा काय काढायचंय ते.

ब्राझीलच्या लिजिया क्लार्कनी 1960 च्या आसपास बिजागऱ्या लावलेले धातूचे पत्रे केले, हातात घेऊन हवे तसे दुमडायचे. लंडनच्या टेट गॅलरीत 1971 ला रॉबर्ट मॉरिसने प्लायवूडचे उतार, बोगदे वगैरे मांडले आणि लोक इतके सुटले की काहींना लागलं, चार-पाच दिवसांत प्रदर्शन बंद करावं लागलं. पण 2009 मध्ये तेच परत केलं, जास्त सुरक्षित करून, म्हणजे कल्पना चुकलेली नव्हती, तयारी कमी पडली होती.

सेन्सर-प्रोजेक्टर हे सगळं नंतर आलं. 2012 ला लंडनमध्ये ‘रेन रूम’ झाली, खोलीत धो धो पाऊस आणि कॅमेरे तुमची जागा ओळखून तेवढ्यापुरतं पाणी थांबवतात. आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोची बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, सुरू झाली आणि गोदामांमध्ये फिरत अशी कला बघायची सवय इथल्या सामान्य माणसालाही लागायला लागली.

नाशिककरांना मात्र हे फार परकं वाटू नये असं मला मनापासून वाटतं. पेशव्यांच्या काळापासूनच्या आपल्या रहाडी आठवा, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरायचे ते जुने हौद, प्रत्येकीचा रंग ठरलेला, पूजा झाली की धप्पा, म्हणजे आत उडी मारायची, काठावर उभं राहून बघणाऱ्याला कसली रंगपंचमी! भाचीला मी तेच सांगितलं, “रहाडीत उडी मारायची आहे असं समज.” तिनं चपला काढल्या, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि नदी दोन्हीकडून तिच्याभोवती फिरायला लागली.