नाव दिलं, किंमत द्यायची राहिली

प्रोग्रॅमिंग शिकताना व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायची नाव दिलेली जागा, पहिल्याच धड्यात भेटतं आणि बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलं जातं. खरं तर तिथे दोन वेगळी कामं होत असतात. ‘एकूण’ नावाचं व्हेरिएबल लागणार आहे हे संगणकाला सांगणं म्हणजे घोषणा, अर्थात डिक्लरेशन. त्यात पहिली किंमत भरणं म्हणजे इनिशियलायझेशन. पहिलं केलं आणि दुसरं राहिलं, की घोळ सुरू होतो.

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘लेट एकूण;’ एवढंच लिहून पाहा. (‘लेट’ रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात, व्हेरिएबलचं नाव मात्र देवनागरीत खुशाल चालतं, पायथॉन ३ मध्येसुद्धा.) व्हेरिएबल तयार होतं, पण त्यात शून्य नसतं, असतं ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे किंमत ठरलेलीच नाही. आता त्यात ७२ गुण मिळवा. उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ही संख्याच नव्हे. पुढच्या विषयाचे ६५ मिळवा, तरी नॅनच. एकदा शिरलेलं नॅन बेरजेतून जात नाही, आणि प्रोग्रॅम ना थांबतो ना तक्रार करतो. सुरुवातीलाच ‘लेट एकूण = ०;’ लिहिलं, तर सरळ १३७ येतात.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट घडवली तेव्हा घोषणेसाठी फक्त ‘व्हार’ होतं. त्याची घोषणा खालच्या ओळीत असली तरी वरच्या ओळीत व्हेरिएबल वापरता येतं, कारण घोषणा आधीच नोंदवली जाते. किंमत मात्र आपल्या ओळीची पाळी येईपर्यंत भरली जात नाही. मधल्या काळात पुन्हा अनडिफाइन्डच हाती लागतं. २०१५ मध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आले. लेट घोषणेआधी वापरलं तर थेट एरर येते. कॉन्स्टला तर किंमत जागच्या जागी द्यावीच लागते, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी कॉन्स्ट लिहा, किंमत बदलायची असेल तरच लेट.

पायथॉनमध्ये वेगळी घोषणा नसतेच. किंमत दिली की व्हेरिएबल तयार. सोय मोठी, पण ‘एकुण = एकूण + ६५’ असा ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा झाला, तर निमूटपणे दुसरं व्हेरिएबल जन्मतं आणि ‘एकूण’ ७२ वरच राहतं. लेट, व्हारसारखा कीवर्ड न लिहिल्यास जावास्क्रिप्टमध्येही हेच घडतं. तिथे २००९ पासून स्ट्रिक्ट मोड आहे: फाइलच्या अगदी वर अवतरणचिन्हांत ‘यूझ स्ट्रिक्ट’ लिहिलं, की हा ‘एकुण’ त्याच ओळीवर पकडला जातो.