उपसा थांबलेला डोळा

म्हाताऱ्या कुत्र्याचा डोळा पांढुरका दिसला की घरातलं कुणीतरी ‘मोतीबिंदू’ म्हणून मोकळं होतं. पण टॉर्च तिरका धरून बघा. पांढरेपणा बाहुलीच्या आत असेल तर भिंग गढूळलेलं. सगळा डोळाच वाफ धरलेल्या काचेसारखा निळसर दिसला, तर बिघाड बहुधा पुढच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात.

हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. कॉर्नियात झिरपणारं पाणी तो सतत बाहेर काढतो, होडीतलं पाणी उपसत राहावं तसं. बोस्टन टेरियर, चिवावा, डॅक्सहुंड या जातींत उतारवयात या पेशी झडतात. उपसा थांबतो, कॉर्निया फुगतो, वर बारीक फोड येतात. फोड फुटला की जखम. कुत्रा बिचारा डोळा मिचकावतो, पंजाने चोळतो, एवढंच. ५ टक्के मिठाचं मलम थोडं पाणी ओढून घेतं. गेलेली नजर काही त्याने येत नाही.

मग कृत्रिम कॉर्निया का नको? कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या पेलिए द केंग्सी यांनी १७८९ मध्येच चांदीच्या कड्यात काच बसवायचं सुचवलं होतं. खरी अडचण काचेची नाही, कडेची. जिवंत ऊती परक्या वस्तूला नीट चिकटत नाहीत; तिथे ऊती विरघळते, गळती होते, जंतू शिरतात.

माणसांसाठी आता वेगळी युक्ती निघाली आहे. एंडोआर्ट ही सुमारे ५० मायक्रॉन जाडीची पारदर्शक चकती कॉर्नियाच्या आतून चिकटवतात. ती पाणी उपसत नाही, आत येऊच देत नाही. होडीचं भोकच बुजवलं म्हणा ना! मला हे जास्त पटतं. मात्र चकती चिकटेपर्यंत तिला वायूच्या बुडबुड्याने दाबून धरावं लागतं आणि तोवर रुग्णाने उताणं पडून राहायचं. हे कुत्र्याला कोण समजावणार?

फ्रान्समधल्या पशुनेत्रतज्ज्ञांनी अंध कुत्र्यांवरचे सुरुवातीचे प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध केले, त्यात कृत्रिम कॉर्नियाची पकडच मूळ कॉर्नियाच्या मागच्या बाजूला ठेवली होती. आतली पकड अशी सांभाळली, तरी डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गळ्याभोवती प्लास्टिकचा भोंगा येतोच, कारण भूल उतरली की पंजा पहिल्यांदा डोळ्याकडेच जातो.