डिमेन्शिया ‘टाळता येतो’ म्हणजे नेमकं काय? ४५ टक्क्यांच्या आकड्याची पार्श्वभूमी

हल्ली बातम्यांमध्ये ‘४५ टक्के डिमेन्शिया टाळता येतो’ असं येतं, पण आमच्याकडे सिंधुदुर्गात अजून कोणी डिमेन्शिया म्हणत नाही. ‘म्हातारो खुळावलो’ म्हणतात, मुंबईहून गणपतीला आलेला मुलगा ‘बाबा हल्ली विसरतात’ म्हणतो आणि कागदावर लिहिताना स्मृतिभ्रंश. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, तिथे तो क्रोधाच्या मागोमाग येतो, आजाराशी त्याचा काही संबंध नाही. पण त्यातल्या ‘स्मृती’मुळे घोळ असा होतो की घरचे विसरण्याचीच वाट बघत बसतात, आणि बांगड्याच्या तिकल्यात काय आधी घालायचं काय नंतर तेच आजीला सुचेना झालंय, पेन्शनचा हिशेब आजोबांना जमेना झालाय, ही डिमेन्शियाचीच लक्षणं वर्षभर कोणाच्या लक्षातच येत नाहीत.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, त्याची पहिली केस १९०६ मध्ये मांडली गेली. त्यानंतर कित्येक दशकं म्हातारपणी असं व्हायचंच म्हणून सोडून दिलं गेलं, त्यामुळे टाळायचं कसं हा प्रश्न फार उशिरा आला. सुरुवातीला सगळा भर गोळ्यांवर होता आणि त्यात हात पोळले. २००३ मध्ये कळलं की पासष्टीपुढच्या बायकांना दिलेल्या एका हार्मोन कॉम्बिनेशनने डिमेन्शियाचा धोका कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. २००८ मध्ये गिंको या वनस्पतीच्या अर्काची तीन हजारांवर लोकांवरची ट्रायल (गट पाडून, काहींना उपाय देऊन आणि काहींना न देता केलेली चाचणी) आली, उपयोग शून्य. तरी त्याच्या बाटल्या आजही विकल्या जातायत.

खरा वाद पुढचा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सरकारी पॅनेलने सगळा पुरावा तपासून सांगितलं की अमुक केलं तर धोका कमी होतो असं ठामपणे म्हणण्याइतका दर्जेदार पुरावा एकाही गोष्टीबद्दल नाही. आणि २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जाहीर केलं की ३५ टक्के डिमेन्शिया ९ बदलता येण्याजोग्या घटकांशी (कमी शिक्षण, वाढलेलं बीपी, कमी ऐकू येणं वगैरे) जोडता येतो. गंमत म्हणजे त्याच २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या समितीचं मत होतं की मेंदूचा व्यायाम, बीपी कंट्रोल आणि शारीरिक हालचाल या तिघांबद्दल चित्र आशादायक आहे पण पुरावा अपुरा. मग सात वर्षांत असं काय सापडलं? थोडे नवीन अभ्यास आले हे खरं, पण मला विचाराल तर मुख्य फरक मोजपट्टीचा. पॅनेल ट्रायल मागत होतं, तज्ज्ञगटाने वर्षानुवर्षं लोकांचं निरीक्षण करून मिळालेले संबंध धरले आणि गणित मांडलं, की हा घटक अख्ख्या समाजातून पूर्ण गेला आणि तो खरोखरच कारण असेल, तर किती केसेस कमी होतील.

हा ‘असेल तर’ बातम्यांमध्ये गळतो. २०२० मध्ये १२ घटक आणि ४० टक्के झाले, २०२४ मध्ये दृष्टिदोष आणि वाईट कोलेस्टेरॉल धरून १४ घटक आणि ४५ टक्के, आणि व्हॉट्सॲपवर आलं की ‘निम्मा डिमेन्शिया टाळता येतो’. तो आकडा समाजाचा आहे, तुमच्या आजोबांचा नाही. त्यांनी सगळं पथ्य पाळलं तर त्यांचा धोका ४५ टक्क्यांनी उतरेल असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय यातले ५ टक्के लहानपणी शाळा कमी झाल्याचे, आता पंचाहत्तरीच्या आजीने त्याचं काय करायचं? आणि पुष्कळदा जे घडतं ते टळणं नसून लांबणं असतं. पाच वर्षं लांबलं तरी घरच्यांसाठी ते खूप आहे म्हणा.

२०१० च्या त्या पॅनेलनंतर या घटकांवरच्या ट्रायलही झाल्या. फिनलंडमध्ये १२६० जणांवर आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दोन वर्षं केलं, २०१५ मध्ये निकाल आला, स्मरण आणि विचारशक्तीच्या चाचण्यांचे स्कोअर थोडे सुधारले. पण स्कोअर सुधारणं आणि डिमेन्शिया न होणं एक नव्हे. २०१९ मध्ये वरचं बीपी १२० च्या खाली ठेवण्याच्या ट्रायलमध्ये विचारशक्तीतला सौम्य बिघाड कमी दिसला, डिमेन्शियाबद्दल मात्र ठाम काही निघालं नाही, कारण हृदयाला फायदा दिसल्यामुळे ट्रायल मध्येच थांबवली होती. २०२३ मध्ये श्रवणयंत्राची आली, सगळे मिळून फरक नाही, पण आधीच जास्त धोका असलेल्यांमध्ये तीन वर्षांतली विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

भारतात साठीपुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, आणि बायकांमध्ये आणि खेड्यात जास्त. जुन्या ९ घटकांचं गणित भारताच्या आकड्यांवर केलं तेव्हा ४१ टक्के आले होते. कोकणात हे वाचताना २०११ ची जनगणना आठवते, रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष मुंबईला. म्हातारपणी वाडीत राहिलेल्या त्याच बायका, शाळा जेमतेम, घर रिकामं, जेवणात सुकी मासळी आणि लोणचं म्हणजे मीठ भरपूर, आणि कानाने कमी ऐकू येतं म्हणून लोकांनी बोलणंच सोडलेलं. आमच्या शेजारच्या काकूंना मुलाने महागडं कानाचं मशीन आणून दिलं, ते कपाटात आहे. शिटी मारतं म्हणतात. कानात नीट बसवून द्यायला मुलगा पुढच्या गणपतीत येईल.