वळणावरची कटकट

सरळ रस्त्यावर गाडी अगदी गप्प असते. पण पार्किंगमधून निघताना स्टेअरिंग पूर्ण फिरवून ॲक्सिलरेटर जरा दाबला, की पुढच्या चाकाजवळून कट-कट-कट सुरू होते. चाकं सरळ झाली की आवाज बंद. पुष्कळजण रेडिओचा आवाज वाढवून महिनाभर तसेच चालवतात. खरं तर हा आवाज फार प्रामाणिक असतो, फक्त त्याला नीट प्रश्न विचारावा लागतो.

पहिला प्रश्न सोपा आहे. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून, नुसतं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज तेव्हाही आला, तर संशय सस्पेन्शनवर किंवा स्टेअरिंगच्या सांध्यांवर: शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंट, बॉल जॉइंट, टाय रॉड. माउंटचं बेअरिंग अडकलं, की स्प्रिंग पिळली जाते आणि मग झटक्यात सुटते. तेव्हा ‘टण्ण’ असा एकच आवाज येतो. उभ्या गाडीत काहीच ऐकू आलं नाही, पण चालत्या गाडीत वळताना कटकट आली आणि वेगाबरोबर ती जलद झाली, तर ती चाकाच्या फेऱ्या मोजते आहे. म्हणजे दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे. टायरच्या खाचेत अडकलेला खडाही हेच करतो, पण तो सरळ रस्त्यावरही बोलतो. चाकाचे नट मात्र आधी तपासा. ते सैल असतील तर बाकीचं सगळं नंतर.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे सगळं झाल्यावर बोट बहुधा एकाच जागी जातं, ॲक्सलच्या, म्हणजे इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या टोकावरच्या सीव्ही जॉइंटवर (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे दोन्ही बाजूंचा वेग सारखा ठेवणारा सांधा).

हा सांधा कशासाठी लागतो ते बघण्यासारखं आहे. पुढच्या चाकाला दोन कामं एकदम करायची असतात: गाडी ओढायची आणि वळायचंही. म्हणजे फिरणारा दांडा वाकलेल्या अवस्थेतही फिरत राहिला पाहिजे. दोन काटे आणि मधे अधिकचिन्हासारखा तुकडा असलेला जुना युनिव्हर्सल जॉइंट हे करतो, पण लबाडी करून. दांडा 40 अंशांत वाकलेला असेल आणि एका बाजूने मिनिटाला बरोबर 100 फेऱ्यांचा वेग दिला, तर दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा साधारण 77 पर्यंत उतरतो आणि 131 पर्यंत चढतो. सरासरी 100 च राहते, पण स्टेअरिंग धरणाऱ्या हातांना सरासरी नाही, हिसके जाणवतात.

यावर आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने 1920 च्या दशकात जो तोडगा काढला, तो मला यंत्रशास्त्रातला फार देखणा विचार वाटतो. बाहेर एक वाटी, आत एक गोल गाभा, दोघांवर खाचा आणि त्या खाचांमधे पिंजऱ्यात धरलेले सहा पोलादी गोळे. ताकद या गोळ्यांमधून जाते. सांधा कितीही वाकला तरी गोळे कायम दोन्ही दांड्यांमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावरच्या पातळीत राहतात. ती पातळी आरशासारखी समजा: गोळ्याच्या दृष्टीने दोन्ही बाजू अगदी सारख्याच, मग दोघांचे वेग वेगळे पडणार कसे? 1959 च्या मिनी गाडीत याच घराण्यातला सांधा होता, आणि पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाड्यांचं पीक नंतर आलं ते याच्याच जोरावर.

आता कटकटीकडे. सरळ जाताना गोळे खाचेत जवळजवळ जागच्या जागी असतात आणि गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात सरतं. त्यामुळे झीज तिथेच जास्त होऊन खाचेत बारीक खळगा पडतो. स्टेअरिंग फिरवलं की गोळ्यांना दर फेरीत खाचेतून पुढेमागे जावं लागतं. खळग्यातून बाहेर, पुन्हा आत. आणि वर इंजिनचा जोर असेल तर दरवेळी ठोका. 60 सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी 10 किलोमीटरला सेकंदात दीड फेरी करतं. सहाही गोळे बोलू लागले, तर सेकंदाला नऊ ठोके.

पोलादाला खळगा पडण्यामागचा गुन्हेगार बहुतेकदा रबर असतो. सांध्यावर घडीघडीचं रबरी किंवा प्लास्टिकचं आवरण असतं, गॅरेजात त्याला ‘बूट’ म्हणतात. त्याला चीर गेली की फिरत्या दांड्यावरून ग्रीस बाहेर भिरकावलं जातं, आणि आत पाणी आणि वाळू शिरते. म्हणून कानांपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. डावीकडे वळताना आवाज आला तर उजवा सांधा, हा ठोकताळा बऱ्याचदा लागू पडतो, पण गाडीच्या पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो. चाक पूर्ण वळवून आतल्या बाजूला टॉर्च मारा. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर त्याच बाजूचा बूट फाटला आहे.

बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, अशी वेळ सापडली तर नशीब समजा: सांधा उघडून स्वच्छ धुवायचा, त्यासाठीचंच मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरायचं आणि नवा बूट चढवायचा. एकदा कटकट सुरू झाली, की ग्रीस भरून खळगा बुजत नाही. थोडे दिवस आवाज दबतो, इतकंच. मग सांधा किंवा अख्खा ॲक्सल बदलणं आलं. माझं मत अख्ख्या ॲक्सलच्या बाजूने आहे, कारण तोवर आतल्या टोकाचा सांधाही तितकीच वर्षं राबलेला असतो. काम घरी करणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका, स्टँड लावा. ॲक्सल ओढताना गिअरबॉक्समधून तेल येतं, त्याची पातळी नंतर भरून घ्यायची. हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यभागाचा, मोठा नट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. तो कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच (पिळण्याच्या जोरालाच) आवळायचा, आणि आवळल्याशिवाय गाडी चाकांवर ढकलायची नाही, नाहीतर नवं बेअरिंग घालायची पाळी येते.

किती दिवस चालवावी? आवाज सुरू झाल्याच्या दिवशीच सांधा तुटत नाही. पण एखाद्या दिवशी तो सुटला, तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारी गिअरची जुळणी) सगळी फिरकी त्या मोकळ्या दांड्यालाच देतं. इंजिन गुरगुरतं, गाडी जागची हलत नाही, आणि चढावर असाल तर गिअरमधे टाकलेली गाडीही मागे घरंगळू शकते. तेव्हा हँडब्रेक ओढा.